नेहमीची शेवटची ओळ

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मलिक गुलबाज गेला. तीस वर्षं आमदारकी, सहा पक्ष, चार गोळीबार यांतून सुखरूप सुटलेला माणूस आज सकाळी मुलतानच्या बंगल्यात साबणावरून पाय घसरून गेला. तहसील कचेरीसमोर शिसवाच्या झाडाखाली माझं अर्ज लिहायचं टेबल आहे, तिथे बातमी दहाला पोचली. साडेदहाला चौकात फलक लागला, ‘शहीद मलिक गुलबाज’. साबण कोणत्या शत्रुराष्ट्राचा होता ते काही फलकावर नव्हतं.

अकराला समोरच्या खांबावर दुसरा फलक लागला, मौलवी हफीजुल्लांच्या मदरशाकडून. त्यात मलिकचा पुढचा पत्ता दिला होता आणि तिथे हवा फार गरम असते असं सुचवलं होतं. दोन वर्षांपूर्वी मलिक भर विधानसभेत म्हणाला होता, की मशिदीचे भोंगे जरा कमी करा, माझ्या म्हशी पान्हा चोरतात. तेव्हापासून अर्धं गाव त्याला काफिर म्हणतं आणि उरलेलं अर्धं त्याच्या जीपच्या टपाला हात लावून पाया पडतं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. आज त्या अर्ध्या गावाने मलिकच्या नावावर डेअरी काढली.

मी कोणाच्या बाजूचा, असं सादिक न्हाव्याने विचारलं. म्हटलं, मी अर्ज लिहिणारा माणूस, समोर बसेल त्याच्या बाजूचा.

घरी बायकोला, हाजरांला, सांगितलं. म्हणाली, “त्याच्या बायकोला आधी कळवलं, की फलक आधी लावला?” बायकांना राजकारण कळत नाही ते असं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

हायस्कूलच्या मैदानावर जनाज्याची नमाज झाली. मौलवी हफीजुल्लांनी नमाज पढवायला साफ नकार दिला, तेव्हा मलिकचा पुतण्या जवाद बहावलपूरहून दुसरा मौलवी जीपमध्ये घालून घेऊन आला.

फाटकापाशी दोन माणसं वह्या घेऊन बसली होती. एक जवादचा, कोण आलं ते लिहायला. दुसरा मौलवींचा, तोही कोण आलं तेच लिहायला. एवढ्या एकमताने या गावात काम झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. न जावं तर उद्या जवाद विचारणार, जावं तर मौलवी. मी तिसऱ्या रांगेत, जवादच्या माणसाला पूर्ण आणि मौलवींच्या माणसाला अर्धवट दिसेन अशा बेताने उभा राहिलो. दोघांनीही माझं नाव लिहिलं. मुन्शी नबीबख्श, दोन्ही वह्यांत, शुद्ध अक्षरात.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज दोन मोर्चे. एकाची मागणी, हायस्कूलला मलिकचं नाव द्या. दुसऱ्याची मागणी, मलिकला कबरस्तानातून बाहेर काढा. दोन्ही निवेदनं मीच लिहिली. मायना एकच लागतो, मधला मजकूर तेवढा फिरवायचा. चौकात दोन्ही मोर्चे समोरासमोर आले आणि याकूबची रिक्षा जळाली. तिच्यावर मलिकचा फोटो होता. आतल्या आरशावर काब्याचा फोटो होता, तोही जळाला, पण त्याबद्दल कोणी मोर्चा काढला नाही.

कबरीवर आता चार पोलीस बसवलेत. जिवंतपणी मलिकला आठ होते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज जे झालं ते फक्त या वहीत लिहितोय.

सकाळी मौलवी स्वतः टेबलाशी आले. विद्वान माणूस, पण अक्षर असं, की स्वतःचं स्वतःला लागत नाही. म्हणाले, “मुन्शी, दुपारच्या नमाजेनंतर एक फतवा वाचायचाय. नीट भाषेत लिहून द्या. ज्यांनी त्या काफिराच्या जनाज्याची नमाज पढली, त्यांनी कलमा पुन्हा पढावा आणि तौबा करावी. एवढंच.”

मी लिहिलं. एवढंच लिहिल्यावर अर्धा कागद कोरा राहिला. आता कोरा कागद मला बघवत नाही, चौतीस वर्षांची खोड आहे. करार मोडण्याच्या प्रत्येक दस्तात मी जी शेवटची ओळ टाकतो, ती हाताने आपणहून टाकली. ‘आणि आजपासून सदर इसमांचे पूर्वीचे सर्व करार, नाती व बंधने रद्दबातल समजावीत.’ वाचायला भारदस्त वाटते. पक्षकार खूश होतात.

मौलवींनी न वाचताच कागद खिशात घातला. दुपारी भोंग्यावरून वाचायला लागले. शेवटच्या ओळीशी आले, थबकले, चष्मा वर केला, आणि मग दुप्पट आवाजात ती ओळ वाचली. मागून कोणीतरी विचारलं, “नाती म्हणजे निकाहसुद्धा का, मौलवीसाहेब?” मौलवी माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे बघू लागलो. भोंगा चालू असताना मौलवींना ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. म्हणाले, “अर्थात.”

चार हजार नवरे मशिदीत शिरले होते, चार हजार ब्रह्मचारी बाहेर पडले. त्यात एक मी. कागद माझ्या हातचा आहे हे मौलवी कोणाला सांगणार नाहीत, कारण मग ओळही माझीच हे सांगावं लागेल. आणि गावाला कळलं, तर उद्यापासून मला अर्ज पायाने लिहावे लागतील.

मलिक म्हणत होता तसे भोंगे जरा कमी असते, तर निदान बातमी माझ्याआधी घरी पोचली नसती. दारात हाजरां उभी होती, ओढणी कपाळाखाली ओढून. म्हणाली, “बाहेरच्या बैठकीत थांबा, मुन्शीसाहेब. घरात परका पुरुष नको.”

मी हसलो. ती हसली नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

माझी खाट बैठकीत आली. जेवण पडद्याखालून सरकवलं जातं. “हाजरां, मीठ दे” म्हणालो, तर आतून आवाज आला, “परक्या बाईला कोणी तू म्हणतं का?” मग म्हणावं लागलं, “हाजरांबीबी, मीठ द्या.” एकतीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा बायकोला अहो-जाहो केलं, तेही मिठासाठी.

फार श्रद्धाळू आहे बिचारी. फतवा म्हटला की फतवा. आमचं कधी भांडण म्हणून झालं नाही. मी बोलतो, ती ऐकते. गावात असा संसार दुसरा नसेल.

तिने आज बैठकीतल्या पेटीतल्या थंडीच्या रजया उन्हात टाकल्या आणि काम करता करता गुणगुणत होती. दुःख विसरायला गात असेल.

रविवार, ९ नोव्हेंबर

मौलवी सकाळपासून दोन साक्षीदार घेऊन गल्लीगल्लीत निकाह परत लावत फिरतायत. फतव्याची एवढी मेहनत आपल्यालाच करावी लागेल हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. दुपारी घसा बसला, मग ‘कबूल आहे का’ एवढं बोटांनी विचारू लागले. सादिक न्हावी लग्नात भाताच्या देगा शिजवतो, तो खाटेवर डोक्याला हात लावून बसला होता. म्हणे, “मुन्शीजी, चार हजार लग्नं आणि देगा माझ्याकडे सहा. कोणत्या नालायकाच्या डोक्यातून निघालं हे?” मी म्हटलं, “शास्त्रात असेल.”

आमच्या गल्लीत सदतीस घरं. छत्तीस बायकांनी पडद्याआडून ‘कबूल’ म्हटलं. कोणी हसत, कोणी कणीक मळता मळता. शेजारच्या हाशमच्या बायकोने तर “आता काय, परत तेच” असं म्हटलं आणि मौलवींनी तेही होकारात धरलं.

मग आमचं घर. मौलवींनी बसक्या आवाजात विचारलं, “हाजरां, मेहेरदीनची मुलगी, मुन्शी नबीबख्श तुला कबूल आहे?”

पडद्याआडून हाजरांचा आवाज, अगदी रोजचा, “विचार करून सांगते.”

साक्षीदार एकमेकांकडे बघू लागले. मौलवींनी किताबात या उत्तराचं पुढे काय करायचं ते शोधलं. सापडलं नाही. गेले.

मी पडद्यापाशी जाऊन म्हटलं, “हा काय पोरखेळ?” ती म्हणाली, “पहिल्या निकाहात मी एकोणीस वर्षांची होते. मौलवींनी विचारलं, तर मामाने मागून माझी मान दाबली. डोकं खाली गेलं. सगळे म्हणाले, होकार आला. मी अजून काही बोललेच नव्हते.”

तेव्हा सगळ्याच मुलींची मान कोणीतरी दाबायचं. त्यात काय एवढं, मला समजलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गावात मलिकचा विषय मागे पडला. आता मी आहे. टेबलाशी येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, “मुन्शीजी, तुमचा अर्ज मंजूर झाला का?” तहसीलदाराचा कारकून म्हणाला, “त्रुटी काढून परत पाठवलाय म्हणे.” माझीच भाषा, माझ्याच तोंडावर.

मुलतानहून तस्लीमचा फोन आला. आमची एकुलती एक, तिथे शाळेत शिकवते. मी म्हटलं, आईला समजाव. ती म्हणाली, “अब्बा, अम्मीने आजपर्यंत एकदा तरी विचार करायला वेळ मागितला होता का? मग आता मागितलाय तर द्या ना.” पोरीला शिकवलं त्याची ही फळं. लहानपणी अलिफ-बे गिरवायला बसायची, तेव्हा हाजरांही शेजारी भाजी निवडत बसायची. मला वाटायचं, पोरीला सोबत.

वही बैठकीतल्या पेटीत रजयांखाली ठेवतो, ती आज उलटी ठेवलेली सापडली. घरात उंदीर झालेत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

याकूब रिक्षावाला आज टेबलाशी येऊन बसला. रिक्षा जळाली त्याचा अर्ज लिहायला आला असेल असं वाटलं. म्हणाला, “ती माहेरी गेली. म्हणाली, मौलवींनीच सोडवलंय, आता परत कशाला. मुन्शीजी, रिक्षा पेटली तेव्हा मी रडलो नव्हतो.”

त्याचा हात बायकोवर उठायचा, हे गावाला माहीत होतं. त्याने मला विचारलं, असा कागद लिहिता येईल का, की ती परत येईल. मी म्हटलं, असा कागद नसतो. तो गेल्यावर मी त्या दिवशीच्या फतव्याचा कच्चा मसुदा काढून पाहिला. शेवटची ओळ अगदी वळणदार आली होती. त्या बाईचं भलं झालं, की याकूबचं वाटोळं, की दोन्ही, मला कळेना. मी ती कागद भारदस्त दिसावा म्हणून लिहिली होती.

आज कोणाचाच अर्ज घेतला नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मलिकच्या जागेची पोटनिवडणूक जाहीर झाली आणि गावात अचानक धर्म मवाळ झाला. जवादला तिकीट हवंय, मौलवींच्या हातात मतं आहेत. काल दोघं तीन तास बंद खोलीत बसले. बाहेर आले तेव्हा मदरशाला शेजारची जागा मिळालेली होती आणि मलिक गुलबाज मरताना मुसलमान झालेला होता.

याला साक्षीदार मलिकचा ड्रायव्हर, अन्वर. जबानी लिहायला अर्थातच माझ्याकडे आणला. विचारलं, “काय ऐकलंस?” म्हणाला, “मी न्हाणीघराच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा होतो. आत धपकन आवाज आला. साहेब ओरडले, ‘या अल्ला’.” पडताना माणूस हेच ओरडतो. मीही ओरडतो. पण जवाद समोर बसलेला होता, तेव्हा मी त्या दोन शब्दांची अर्ध्या पानाची तौबा केली. भोंग्यांबद्दलचं बोलणं मागे घेतलं, म्हशींच्या वतीने माफी मागितली. अन्वर वाचून म्हणाला, “एवढं सगळं पडता पडता?” मी म्हटलं, “उंच माणूस होता.”

दुपारी मौलवींनी भोंग्यावरून जाहीर केलं. मलिक आता काफिर नाही, मरहूम, जनाजा बरोबर, फतवा गैरलागू. ज्यांचे निकाह परत लागले त्यांचे लागलेले, ज्यांचे राहिले त्यांचे कधी तुटलेच नव्हते. शहीदवाले आणि जहन्नमवाले गळ्यात गळे घालून जिलबी खात होते. फलक दोन्ही उतरले, त्यांचं कापड मंडपाला लागलं.

मी धावतच घरी. पडदा बाजूला करून म्हटलं, “हाजरां, ऐकलंस? निकाह शाबूत आहे.”

ती तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, “भोंगा मलाही ऐकू येतो, मुन्शीसाहेब. पडदा सोडा.”

शनिवार, १५ नोव्हेंबर

अकराच्या सुमाराला बाकावर बुरख्यातली एक बाई रांगेत येऊन बसली. पुढे तिघं होते. तिघांचं होईपर्यंत थांबली. मग समोर आली. मी कागद ओढला, मान वर न करता विचारलं, “नाव?”

“हाजरां. वडिलांचं नाव मेहेरदीन.”

माझ्या पेनातली शाई कागदावर सांडली. आजूबाजूला कारकून, वकील, सादिकचं दुकान. मी हळूच म्हटलं, “घरी चल, काय ते बोलू.”

“रांगेत बसलेय मी. लिहा.”

“पत्नी कोणाची, ते लिहावं लागतं.”

“ती जागा रिकामी सोडा.”

मी सोडली. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. शब्दाला शब्द लावून ठेवतो. ‘माझा निकाह तुटला असं भोंग्याने सांगितलं, तेव्हा मला विचारलं नाही. जुळला असं सांगितलं, तेव्हाही विचारलं नाही. पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मामाने उत्तर दिलं. तरी माझी विनंती आहे की मला विचारावं. ज्याला मी हवी आहे त्याने विचारावं, मौलवींनी नाही. उत्तर आधी धरून चालू नये.’

“आणि?” मी म्हटलं.

“आणि काही नाही.”

कागद अर्धा कोरा होता. पेन आपणहून खाली सरकलं. ती वाकली आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, “ती नेहमीची शेवटची ओळ नको. एकदा लिहिलीत, तेवढी पुरे झाली.”

अंगठ्यासाठी शाईची गादी पुढे केली, ती सवयीने. तिने गादी बाजूला सारली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. मोठी मोठी अक्षरं, पहिलीतल्या पोरीसारखी, पण टिंब न् टिंब जागेवर. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “आणि पेटीत उंदीर नाहीत, मुन्शीसाहेब. मी होते.”

गेली. सादिक वस्तरा हातात धरून बघत राहिला होता.

घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली, तिच्या डोळ्यांनी. ‘बायकांना राजकारण कळत नाही.’ ‘मी बोलतो, ती ऐकते.’ आठ दिवस ती हे वाचत होती आणि फतवा माझ्या हातचा हे तिला रजया उन्हात टाकल्या त्या शनिवारपासून माहीत होतं. नुसतं दारात उभं राहून एक हाक दिली असती, तर गल्लीने माझं काय केलं असतं. तिने मीठ दिलं. मला लाज वाटली. ती इथे लिहून ठेवतो, भारदस्त न करता.

रविवार, १६ नोव्हेंबर

पडद्याबाहेर उभा राहून विचारलं. आयुष्यभर लोकांच्या विनंत्या लिहिल्या, स्वतःची करायची वेळ आली तर मायनाच सुचेना. “हाजरांबीबी, मी नबीबख्श. तुम्हाला कबूल आहे का?”

आत ती मोहरीची भाजी निवडत होती. देठं मोडल्याचा आवाज येत होता. म्हणाली, “तीनदा विचारायचं असतं. हे एकदा झालं. उद्या या.”

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुसऱ्यांदा विचारलं. ती म्हणाली, “आधी सांगा, मला कोणता रंग आवडतो?”

एकतीस वर्षं. मी म्हटलं, “हिरवा.”

“उद्या या.”

वही आता पेटीत ठेवत नाही. बैठकीच्या कोनाड्यात ठेवतो, उघडी.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी वही उघडली. कालच्या ‘हिरवा’खाली मोठ्या मोठ्या अक्षरांत कोणीतरी लिहिलंय, ‘निळा’.

बाजारात जाऊन निळी ओढणी आणली. दुकानदाराने तीन निळे दाखवले. कोणता निळा, ते मला माहीत नव्हतं. तिन्ही आणल्या. मग सादिककडे दाढीला बसलो. चौकातून जवादची प्रचाराची जीप गेली, पुढच्या सीटवर मौलवी, टपावर भोंगा. सादिकने वस्तरा धुतला आणि म्हणाला, “मुन्शीजी, मग देग चढवू का?”

म्हटलं, “थांब. मुलीकडून अजून होकार यायचाय.”